मुंबई ते न्यूयॉर्क: किती किलोमीटर, किती तास, आणि निघायच्या आधी सगळेच विचारतात ते बाकीचे प्रश्न

दादा-वहिनी न्यूयॉर्कजवळ न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात, आई-बाबा चार वेळा जाऊन आलेत, मी दोनदा. त्यामुळे आमच्या सोसायटीत कुणाचेही आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेला निघाले की फोन मला येतो, आणि प्रश्न तेच असतात, कधीकधी तर त्याच क्रमाने. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. व्हिसा आणि बॅगेत लोणचं किती न्यायचं हे यात नाही, फक्त अंतर आणि वेळ.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर नक्की किती?

पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळची वाट धरली तर मुंबई एअरपोर्ट ते न्यूयॉर्कचा जेएफके साधारण १२,५५० किमी. शेजारच्या न्यू जर्सीतलं नेवार्क एअरपोर्ट धरलं तरी दहा-पंधरा किमी इकडेतिकडे. मैलात ७,८००. कुठे ६,७८० च्या आसपासचा आकडा दिसला तर घाबरू नका, ते नॉटिकल मैल असतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, विमानवाले आणि जहाजवाले त्यातच मोजतात. वेगवेगळ्या साइटवर थोडा थोडा फरक दिसतो कारण कुणी एअरपोर्टपासून मोजतं, कुणी शहराच्या मध्यापासून. पृथ्वीचा घेर ४०,००० किमी, म्हणजे आपण जवळपास एक तृतीयांश पृथ्वी फिरून जातो. आमच्या बाबांच्या भाषेत, पुणे-नागपूर सतरा-अठरा वेळा, मध्ये चहाला न उतरता.

आणि तास?

नॉनस्टॉप असेल तर जाताना साधारण साडेपंधरा ते साडेसोळा, येताना चौदा ते पंधरा. मध्ये विमान बदलायचं असेल तर वीसपासून तीसपर्यंत काहीही, ते खाली सांगते.

विमान ९०० च्या स्पीडने जातं ना? १२,५५० भागिले ९०० म्हणजे चौदा तास. मग सोळा कसे?

हा प्रश्न दर वेळी कुणीतरी रिटायर्ड इंजिनिअर काकाच विचारतात आणि प्रश्न बरोबर आहे. भागाकार चुकलेला नाही, त्यातले दोन्ही आकडे थोडे हलतात. एक तर १२,५५० हे दोरा ताणून मोजलेलं अंतर, विमान ठरलेल्या वाटांनी जातं, काही देश टाळतं, वादळ टाळतं, त्यामुळे प्रत्यक्षात १३,००० किंवा त्याहून जास्त होतं. दुसरं म्हणजे ९०० हा हवेतला स्पीड झाला, जमिनीच्या हिशोबाने नाही. समोरून वारा असेल तर तो वजा करायचा. समजा सरासरी ६० चा वारा समोरून, म्हणजे राहिले ८४०. १३,००० भागिले ८४०, साडेपंधरा तास. वर विमान जमिनीवर रनवेपर्यंत चालवत नेणं, चढणं, उतरणं यात जाणारा अर्धा तास धरा. झाले सोळा.

येताना तोच वारा पाठीमागून, ९६० ने भागा, साडेतेरा, अधिक अर्धा, चौदा. हे काकांना मेसेज करून पाठवलं तेव्हा कुठे गप्प बसले.

अजून एक, तिकिटावर जो वेळ असतो तो गेटवरून विमान हललं तिथपासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा, नुसता हवेतला नाही. कंपन्या त्यात थोडा वेळ राखून पण ठेवतात, म्हणून कधीकधी उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं आणि सगळे म्हणतात पायलटने भारी खेचली. खेचली वगैरे नसते फारशी.

पण वारा एवढा कुठून येतो? आणि पृथ्वी फिरते त्यामुळे फरक पडतो ना?

पृथ्वी फिरते म्हणून न्यूयॉर्क आपल्याकडे येतं किंवा लांब जातं असं नाही, कारण हवापण पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेत असतं. गाडीत बसून वर उडवलेलं नाणं परत हातातच पडतं, तसं.

फरक पडतो तो जेट स्ट्रीमने. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे विमानं जिथून जातात नेमकं तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात आणि हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात. अमेरिकेला जाताना आपण त्यांच्या तोंडावर जातो, येताना त्यांच्यावर स्वार होतो. हे किती जोरात असू शकतं त्याचं एक उदाहरण, फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपात वादळ होतं तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं, एरवी साडेसहा-सात तास लागतात. त्यामुळे जानेवारीत जाताय की जूनमध्ये यावर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो, आणि एकाच आठवड्यात सोमवार-गुरुवारमध्ये पण फरक दिसतो. सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड दाखवतात तो बघत बसा, जाताना ८०० च्या घरात घुटमळताना दिसेल, येताना हजारच्या वरही जाताना दिसेल. माझा तरी तेवढाच टाइमपास असतो, पिक्चर मला विमानात बघवत नाहीत.

न्यूयॉर्क पश्चिमेला आहे तर विमान वर उत्तरेला का जातं? स्क्रीनवर ग्रीनलँड का दिसतं?

भिंतीवरचा नकाशा फसवतो. तो गोल पृथ्वी सपाट करून काढलेला असतो, त्यावर पट्टी ठेवली तर मुंबईहून अरबस्तान, सहारा आणि मग अटलांटिक अशी रेघ येते, आणि आपल्याला वाटतं हीच सरळ वाट. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, एक न्यूयॉर्कवर आणि ताणा. दोरा आपोआप वर सरकतो. गणिताने काढलं तर ती वाट कच्छवरून सिंध, मग कंदाहारच्या आसपासून, पुढे मध्य आशिया, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, हेलसिंकीजवळून, नॉर्वेत ट्रॉन्डहाइमजवळून, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिणेचं टोक आणि मग कॅनडातून खाली न्यूयॉर्क. सगळ्यात वरचा बिंदू जवळपास ६५ अंश उत्तर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच भाच्याचा गोल घेऊन बसले होते, त्याचा भूगोलाचा पेपर दुसऱ्या दिवशी होता आणि त्याला गोल हवा होता, भांडण झालं.

मग खरंच मॉस्कोवरून नेतात का?

ते त्या वेळच्या राजकारणावर आहे. दोरा कागदावर ठीक आहे, पण आकाशालाही मालक असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, त्याआधी २०१९ मध्ये बालाकोटनंतरही काही महिने बंद होतं. याचा जास्त फटका दिल्लीहून निघणाऱ्या फ्लाइटना बसतो, त्यांना आधी खाली गुजरात-अरबी समुद्राकडे यायचं आणि मग पश्चिमेला वळायचं. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेच्या काही फ्लाइट इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरवायला लागल्या आणि एअर इंडियाने १ सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन थांबवलीच. मुंबई आधीच समुद्राकाठी, इथून थेट अरबी समुद्रावर निघता येतं त्यामुळे आपल्याला वळसा कमी पडतो. मग आखात किंवा त्याच्या आसपासून, पुढे तुर्कस्तान, युरोप आणि अटलांटिक अशी वाट साधारण असते. पण इराण-आखाताकडे काही पेटलं की तीपण बदलते आणि वेळ वाढतो.

रशियाचा प्रकार वेगळा. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन विमानांना रशियावरून जाता येईना, तेव्हा युनायटेड या अमेरिकन कंपनीने नेवार्क-मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली थांबवल्या होत्या. म्हणजे मुंबई-न्यूयॉर्क अंतर तेच, एक इंचही वाढलेलं नाही, पण फ्लाइट परवडेनाशी झाली. अंतर विचारणाऱ्यांना मी म्हणूनच सांगते, किमी बघू नका, त्या आठवड्यात ती फ्लाइट प्रत्यक्षात किती वेळ घेतेय ते बघा. फ्लाइट ट्रॅक करायच्या साइटवर फ्लाइट नंबर टाकला की मागच्या काही दिवसांचे खरे टाइम दिसतात.

डायरेक्ट आणि नॉनस्टॉप एकच ना?

नाही! एजंटसुद्धा गोंधळ करतात. नॉनस्टॉप म्हणजे मुंबईत चढलात की न्यूयॉर्कलाच उतरणार. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, पण मध्ये कुठे थांबू शकते. बुक करताना "स्टॉप शून्य" लिहिलंय का तेवढं बघा. १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ ने न्यूयॉर्क सुरू केलं तेव्हा लंडनवरून जायचं, त्या काळच्या विमानांत एवढं इंधन मावायचं नाही. एअर इंडियाची मुंबई-न्यूयॉर्क नॉनस्टॉप २००७ ला आली, मध्ये बंद पडली, २०२३ मध्ये जेएफकेला परत सुरू झाली. अशा फ्लाइट येतात-जातात, त्यामुळे शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी काय घेतली होती यावर जाऊ नका.

मध्ये विमान बदललं तर अंतर खूप वाढतं का?

इथे सगळ्यांना आश्चर्य वाटतं. लंडनवरून गेलात तर मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५० मिळून १२,७५० च्या आसपास, म्हणजे फक्त दोनशे किमी जास्त, पुणे-मुंबईपेक्षा थोडं पुढे! दुबईवरून १,९३० आणि ११,००० मिळून १२,९५० च्या आसपास. दोहावरून १३,००० च्या जरा वर. किलोमीटर वाढत नाहीत हो, बाकड्यावर बसायचे तास वाढतात. मुंबई-दुबई तीन-सव्वातीन तास, दुबई-न्यूयॉर्क चौदा, हवेतले मिळून सतरा-साडेसतरा, आणि मध्ये दोन तास थांबायचंय का अकरा तास त्यावर सगळं ठरतं. तिकीट वीस हजारांनी स्वस्त दिसलं की आधी लेओव्हर, म्हणजे मध्ये थांबायचा वेळ, उघडून बघा.

माझं मत, साठीच्या पुढची माणसं एकटी चालली असतील तर नॉनस्टॉपला थोडे जास्त पैसे द्या, अनोळखी एअरपोर्टवर रात्री तीनला गेट शोधणं सोपं नसतं. पण ज्यांचे गुडघे-कंबर सोळा तास एका जागी सहन करत नाहीत त्यांना मध्ये तीन-चार तासांचा ब्रेकच बरा पडतो, आमची आई त्यातली. तिला सलग सोळा तासांपेक्षा तीन, ब्रेक, चौदा जास्त आवडतं. ब्रेक दीड तासाचा मात्र नको, पहिली फ्लाइट लेट झाली की धावपळ. आणि दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर हव्यात, म्हणजे पहिलीमुळे दुसरी चुकली तर पुढची सोय करायची जबाबदारी कंपनीची. वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचवलेत तर ती डोकेदुखी तुमची.

अबू धाबीवरून जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच होऊन जातं, २०१४ पासून. न्यूयॉर्कला उतरलात की डोमेस्टिकसारखं सरळ बाहेर. फायदा आहे, पण त्यासाठी अबू धाबीत मधला वेळ जास्त ठेवा.

रात्री दीडची फ्लाइट आहे, १५ तारखेची. एअरपोर्टवर कधी जायचं?

१४ तारखेला रात्री. परत लिहिते, १४ ला. मुंबईहून लांबच्या फ्लाइट बऱ्याचशा मध्यरात्रीनंतर सुटतात आणि रात्री बारानंतर तारीख बदलते, आपल्या डोक्यात मात्र ती अजून "आजचीच रात्र" असते. आमच्या ओळखीतले एक जोडपं १५ ला संध्याकाळी जेवून, शेजाऱ्यांच्या पाया पडून, हार घालून घेऊन निघालं आणि एअरपोर्टच्या गेटवर सीआयएसएफच्या जवानाने तिकीट बघून सांगितलं की तुमची फ्लाइट काल गेली. नवीन तिकिटाला किती पडले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून मी तिकीट आलं की कॅलेंडरवर, ते दुधाचा हिशोब लिहायचं असतं ना त्याच्यावर, आदल्या दिवसाच्या चौकोनात "आज निघायचं" असं लाल पेनाने लिहायला सांगते.

फ्लाइटच्या तीन-साडेतीन तास आधी टर्मिनल दोनला पोचायचं. पुण्याहून असाल तर अंतर दीडशे किमी, एरवी साडेतीन-चार तास, पण शुक्रवारची संध्याकाळ, लोणावळ्याची गर्दी, घाटात एखादा ट्रक बंद पडलेला, त्यात पाऊस, असं काहीही होतं. आम्ही सहा तास धरतो. म्हणजे दीडच्या फ्लाइटला दुपारी चारला घर सोडायचं, लवकर पोचलो तर बसू तिकडे. आणि आता नवी मुंबईचं एअरपोर्टपण सुरू झालंय डिसेंबर २०२५ पासून, तेव्हा तिकिटावर बीओएम (मुंबईचं जुनं) लिहिलंय का एनएमआय (नवी मुंबईचं) ते नीट बघा आणि कॅबवाल्याला सांगताना नुसतं "मुंबई एअरपोर्ट" म्हणू नका.

दीडला निघालो, सोळा तास लागले, तर तिथे किती वाजलेले असतील?

आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, तिथे त्याच दिवशी सकाळचे आठ (उन्हाळ्यात) किंवा सात (हिवाळ्यात). न्यूयॉर्क आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, २०२६ ला म्हणजे ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. आपण काही करत नाही, फक्त फरक बदलतो.

तोंडी हिशोबाची आमच्या घरची युक्ती: आपली वेळ घ्या, सकाळची रात्र आणि रात्रीची सकाळ करा, आणि उन्हाळ्यात अडीच तास मिळवा, हिवाळ्यात दीड. आपल्याकडे रात्रीचे आठ, तिथे सकाळचे आठ अधिक अडीच, साडेदहा. बस. फक्त आपल्याकडे सकाळ असेल तर तिकडे अजून कालची संध्याकाळ असते हे विसरायचं नाही, वाढदिवसाचे फोन त्यामुळेच चुकतात.

येताना उलटं. तिथून सकाळी अकराला निघालात, साडेचौदा तास, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा-बारा. एक रात्र मध्येच कुठेतरी गळून पडते. म्हणून मुंजीला, साखरपुड्याला यायचं असेल तर आदल्या दिवशीचं तिकीट काढून भागत नाही, दोन दिवस आधीचं काढा.

विमानात दिवस असतो का रात्र?

जाताना जवळजवळ सगळी रात्र. आपण रात्रीबरोबर पश्चिमेला पळत असतो, त्यामुळे ती संपतच नाही. डिसेंबर-जानेवारीत दीडला निघालात तर अख्खे सोळा तास बाहेर काळोख आणि उतरताना कुठे उजाडू लागतं. उन्हाळ्यात युरोपपर्यंत गेलं की उजेड दिसायला लागतो. चहा कधी, जेवण कधी, काही कळत नाही, बाबा म्हणतात पोटाला विचारून ठरवा.

मग गोळ्या कोणत्या वेळेने घ्यायच्या? आणि उपवास?

गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा, निघायच्या आठवडाभर आधी, आणि त्यांना "अमेरिकेला चाललोय" एवढंच न सांगता फ्लाइट किती वाजता, किती तास आणि तिथली वेळ काय हे कागदावर लिहून न्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

उपवासाचं मी काय सांगणार, पण संकष्टी असेल तर काळजी नको, चंद्रोदय रात्री नऊ-दहाच्या सुमारास होतो तेव्हा तुम्ही एअरपोर्टवरच असता, तिथेच डबा उघडा. एकादशीला मात्र द्वादशी कुठल्या घड्याळाने धरायची यावर आमच्या आत्याचं आणि गुरुजींचं फोनवर पाऊण तास चाललं होतं.

जेएफके का नेवार्क?

ज्यांच्याकडे जायचंय ते कुठे राहतात त्यावर. आपल्याकडची बरीच माणसं न्यू जर्सीत, एडिसन, इसेलिन, प्लेन्सबरो, त्यांना नेवार्क जवळ. जेएफके क्वीन्समध्ये, शहराच्या पलीकडच्या अंगाला. दोन्ही एअरपोर्टमध्ये हवेतून तीस-पस्तीस किमी, पण रस्त्याने ट्रॅफिक लागलं की दोन तास. सोळा तास उडून आल्यावर ते दोन तास सगळ्यात लांब वाटतात. घ्यायला येणाऱ्याला विचारून मग तिकीट काढा. न्यूयॉर्कहून पुढे शिकागो, डॅलस वगैरे कनेक्टिंग असेल तर पहिल्याच अमेरिकन एअरपोर्टवर इमिग्रेशन, बॅगा घ्या, कस्टम्स, परत बॅगा द्या, असा सगळा प्रकार असतो, तीन तास तरी मध्ये ठेवा.

जेट लॅग किती दिवस?

दिवसाला साधारण एक तास शरीर सरकतं असं धरतात, म्हणजे आठ-दहा दिवस. भारतात परत येताना जास्त त्रास होतो. पहाटे तीनला जाग आली तर तिकडे सगळे झोपलेत हे लक्षात ठेवा आणि मिक्सर लावू नका, वहिनी अजून काढते तो विषय.

ते पोचल्याचा फोन कधी येईल?

हा प्रश्न मागे राहिलेल्यांचा. विमान आपल्या साडेपाचला उतरलं तरी लगेच फोन येत नाही. विमान गेटला लागणार, उतरणार, व्हीलचेअर घेतली असेल तर तिची वाट, मग इमिग्रेशनची रांग जी कधी अर्ध्या तासात सरते आणि कधी दोन तास, मग बॅगा. इंटरनॅशनल रोमिंग नसेल तर आधी एअरपोर्टचं वायफाय लागायला हवं आणि त्यांना ते लावता यायला हवं, ते निघायच्या आधी घरी शिकवून ठेवा. साडेसात-आठपर्यंत काळजी करायची नाही, ट्रॅकिंगवर विमान उतरलेलं दिसलं म्हणजे ते उतरलं. पहिल्या वेळी मी सहापासून दर पाच मिनिटांनी फोन लावत होते, पावणेआठला बाबांचा आला, आणि पहिलं वाक्य "अगं, स्क्रीनवर शेवटी १३,२०० दाखवत होते, तू साडेबारा म्हणाली होतीस."